धरून ठेवा

रतनबाईनं नवऱ्याचं नाव लग्नात उखाण्यात घेतलं ते घेतलं, पुन्हा कधी ओठांवर येऊ दिलं नाही. तात्याबा तिच्या लेखी 'ते' होते. 'ते रानात गेल्यात', 'त्यांचं जेवान व्हायचंय', 'त्यांना इचारून सांगते'. पोटचा मुलगा मच्छिंद्र, त्याच्याशी बोलतानासुद्धा तिनं कधी 'तुझे आबा' म्हटलं नाही. ते म्हणजे ते, दुसरं कोण असणार? कवठे येमाईच्या बाजारात आणि आसपासच्या वस्त्यांवर सगळ्यांना हे ठाऊक होतं, आणि बाया तिची त्यावरून थट्टाही करायच्या. पुढं उतारवयात तिच्या घरात दुसरे 'ते' आले आणि घोळ तिथून सुरू झाला.

दुसरे ते म्हणजे लॅपटॉप.

ही दोन हजार नऊ सालची गोष्ट. मच्छिंद्र दौंडला रेल्वेत लागला होता, मालगाडीवर असिस्टंट ड्रायव्हर. दौंड काही अमेरिकेत नाही. चौफुला, न्हावरा, शिरूर, आणि शिरूरला गाडी बदलली की कवठे. सकाळी निघालेला माणूस दुपारच्या भाकरीला घरी पोचतो. पण ड्युटीवर बोलावणारा रेल्वेचा कॉल कधी येईल याचा नेम नाही, आणि सुट्टी मिळाली की झोपेतच जाते. सहा-सहा महिने तो वस्तीवर फिरकायचा नाही. त्याला अपेक्षा नावाची मुलगी झाली, ती रांगली, चालली, बोलायला लागली, आणि आजी-आजोबांना हे सगळं फोनवरून ऐकावं लागलं. मग मच्छिंद्रनं एका दोस्ताचा वापरलेला लॅपटॉप आणून आईला दिला, त्याला खोचायची नेटची काडी दिली, आणि स्वतःच्या क्वार्टरमध्ये कॉम्प्युटरला कॅमेरा बसवला. तीन-चार तासांच्या वाटेवरची माणसं एकमेकांना काचेतून बघायला लागली. याला सोय म्हणायचं तर म्हणा.

रतनबाई ते यंत्र पंधरा दिवसांत शिकली. कुठली बटणं दाबायची ते विसरायला नको म्हणून तिनं त्यांवर कुंकवाचे टिपके लावले. काम झालं की त्यावर धुतलेलं फडकं घालायची. ज्यात नातीचं तोंड दिसतं त्याला 'तो' कसं म्हणायचं, म्हणून लॅपटॉपसुद्धा 'ते' झाले. 'त्यांच्यावर धूळ बसतीया', 'त्यांना उन्हात ठिवू नगा'.

"आई, आबा का लॅपटॉप, ते तरी सांग," मच्छिंद्र हसायचा. "दोघांला एकच शबुद?"

"दोघंबी घरातलीच की," ती म्हणायची.

नेटची रेंज घरात यायची नाही. ती यायची ओट्याच्या उगवतीच्या कोपऱ्यात. त्यामुळं त्या कोपऱ्यात लाकडी पेटी, पेटीवर लॅपटॉप, आणि त्याच्यासमोर रतनबाई पदर सावरून बसलेली, असा थाट असायचा. लॅपटॉपच्या मागं भिंत नव्हती. तिथं ओटा संपायचा आणि खाली अंगण लागायचं.

वापरलेला माल तो. त्याच्या पडद्याची बिजागरी आधीपासूनच सैल होती, आणि रतनबाई पडदा उघडायची ती एका कोपऱ्याला धरून, पेटीचं झाकण उघडावं तशी. एके दिवशी कट् असा आवाज झाला आणि पडदा मागं उताणा पडला. तात्याबा तिथंच उभे होते.

"आरं तिच्या," ते म्हणाले, "ह्यानं तर मान टाकली."

तात्याबांचं अर्धं आयुष्य मेंढरांमागं गेलं होतं. पावसाळा सरला की कळप घेऊन कोकणात उतरायचं आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परत घाट चढायचा. पुढं मेंढरं गेली, वस्ती धरली, कांदा लावायला लागले, पण शब्द कळपातलेच राहिले. चालता चालता मेंढरानं मान टाकली, की धनगराला कळतं आता हे उठायचं नाही. लॅपटॉपला मात्र त्यांनी ते गमतीनं म्हटलं. रतनबाईनं लगेच फोन लावला आणि मच्छिंद्रला सांगितलं, "आरं, त्यांनी मान टाकली."

पलीकडं मच्छिंद्र ओरडलाच. "आई! कुणी?"

"लापटापनं रं."

त्यावर घरात पुढं किती दिवस हसणं चाललं होतं. 'मान टाकली' हा त्या घरचा शब्दच होऊन बसला. काल टाकली, आज पुन्हा टाकली, टेकू दिला तर डावीकडं टाकली.

तात्याबांनी आधी कोकराचा मोडलेला पाय बांधतात तशी बांबूची खपाट लावून पडदा सुतळीनं करकचून बांधला. पडदा ताठ उभा राहिला, पण आतलं चित्रच गेलं. मग ते लॅपटॉप पिशवीत घालून एसटीनं शिरूरला गेले. दुकानातल्या पोरानं उघडून बघितलं आणि सांगितलं की बिजागरी तुटलीय, तिच्यातून जाणारी वायरही घासलीय. पडदा एका ठरावीक कलानं धरला तरच चित्र दिसणार. पार्ट पुण्याहून येईल, तोवर ठेवून जा.

"किती दिवस?"

"आठ-पंधरा दिवस धरा."

तात्याबांनी लॅपटॉप परत पिशवीत घातला आणि घरी आणला. रतनबाईला म्हणाले, "पंधरा दिस पोरगी बघायची न्हाई म्हंजी काय? मी धरतो की."

मच्छिंद्र म्हणाला, "मीच आणतो बिजागरी पुण्यावरनं. आल्यावर दोन स्क्रू आवळायचं, अर्ध्या तासाचं काम हाय." तो हे अगदी मनापासून म्हणाला. पण अर्ध्या तासाची कामंच माणसाकडून होत नाहीत.

तेव्हापासून दर आठवड्याला असं व्हायचं. रतनबाई ओट्यावर पेटीसमोर बसायची. तात्याबा खाली अंगणात, लॅपटॉपच्या पाठीमागं उभे राहायचे आणि पडद्याच्या वरच्या काठाला बोटं घालून तो धरायचे. "जरा तिकडं. आता हिकडं. थांबा, थांबा, आलं!" असं रतनबाई म्हणाली की ते जिथल्या तिथं गोठून जायचे. हात अवघडायचा, मानेवर ऊन यायचं, पण ते हलायचे नाहीत. समोर नातीचं हसणं, बडबड, मच्छिंद्रचं बोलणं, सुनेचं, सुषमाचं, "मामी, बरं हाय ना?" आणि तात्याबांच्या डोळ्यांपुढं लॅपटॉपची काळी पाठ. त्यांना काही म्हणजे काही दिसायचं नाही.

"आता तुम्ही बसा वर, मी धरते," रतनबाई म्हणायची. दोन-तीनदा तिनं तसं केलंही. पण तिचा हात थरथरायचा, चित्र जायचं, नात पलीकडून ओरडायची, "आजी गेली, आजी गेली!" मग तात्याबा पुन्हा खाली उतरायचे. "मला आवाज येतो की. तू बघ."

कॅमेरा पडद्याच्या वरच्या काठातच होता. त्यामुळं दौंडला अपेक्षाला आजी दिसायची, आणि आजीच्या डोक्यावर चार जाडजूड बोटं. तीन वर्षांची पोर. तिनं त्या बोटांचं नाव ठेवलं, बोटआबा. "बोटआबा, हाल की," ती म्हणायची, आणि तात्याबा मागून बोटं नाचवायचे. ती खिदळली की तेही तिकडं एकटेच हसायचे. बोलणं संपलं की मच्छिंद्र म्हणायचा, "सोडा आता, आबा." मग तात्याबा पडदा अलगद मिटवायचे आणि हात झटकत वर येऊन विचारायचे, "काय घातलं हुतं आज पोरीनं? केस वाढलं का तिचं?" रतनबाई सगळं सांगायची, आणि ते दुसऱ्यांदा ऐकल्यासारखं न करता पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकायचे.

बघता बघता थंडी सरली आणि कांदा काढणीला आला.

त्या दिवशी सकाळी तात्याबा रानातून लवकर परतले. ओट्यावर टेकले, पाणी मागितलं. रतनबाईनं तांब्या आणून दिला. त्यांनी तो उचलला आणि तो हातातून सुटला. पाणी ओट्यावरून अंगणात वाहून गेलं, आणि त्यांची मान हळूच उजव्या खांद्यावर कलली. तोंड वाकडं झालं. रतनबाईनं त्यांना ओट्यावरच्या बाजेवर आडवं केलं, हाक मारली. डोळे उघडे होते, पण शब्द फुटत नव्हता.

ती रडली नाही. अडचणीत रडायची तिची रीत नव्हती. तिनं फोन उचलला आणि मच्छिंद्रला लावला.

दौंडच्या यार्डात मच्छिंद्र बॅग घेऊन इंजिनाच्या पायरीवर चढत होता. इंजिन धडधडत होतं.

"मच्छू, त्यांनी मान टाकली रं!"

"काय? टाकली का?" पाठीमागं भोंगा वाजला. "आई, मी गाडीवर निघालोय बघ आता."

"एकाएकी टाकली. तू ये बाबा."

"येतो. आबाला म्हणावं, तवर धरून ठेवा. म्या येतोय, घिऊनच येतो."

आणि फोन बंद झाला.

रतनबाईच्या जिवात जीव आला. पोरगा गाडीवर बसलाय, निघालाय. घेऊनच येतो म्हणाला; म्हणजे सुषमाला, पोरीला, सगळ्यांना घेऊन येतोय. ती बाजेपाशी गेली आणि तात्याबांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "पोरगं येतंय. म्हणतंय, आबाला सांग, धरून ठेवा."

तात्याबांनी तिच्याकडं बघितलं. उजवं अंग लुळं पडलं होतं, पण डावा हात जागा होता. तो हळूहळू सरकला आणि त्यांच्या चार बोटांनी बाजेचा काठ घट्ट धरला. त्यांना कळलं होतं.

शेजारच्या वस्तीवरचा संपत आणि त्याची बायको धुरपदा धावत आली. संपतनं मोटरसायकलवरून कवठ्याचा डॉक्टर आणला. डॉक्टरनं तपासलं, इंजेक्शन दिलं, आणि संपतला बाजूला घेऊन सांगितलं की आता हलवण्यात अर्थ नाही, वाटेतच काही व्हायचं. कुणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या.

"वैनी, मच्छूला कळीवलं का?" संपतनं विचारलं.

"व्हय. निघालाय त्यो. म्हणाला, धरून ठेवा."

"मंग दुपारपतूर यील."

त्यामुळं दुसऱ्या कुणी फोन केला नाही. कशाला करतील?

दुपार झाली. रस्त्यावर मोटरसायकल वाजली की तात्याबांची नजर वाटेकडं जायची. एक गाडी कांद्याच्या गोण्या घेऊन गेली. एक दुधवाला गेला. रतनबाईनं फोन लावला, तर एक बाई गोड आवाजात सांगायला लागली की हा फोन बंद आहे. "गाडीवर असंल," ती धुरपदाला म्हणाली. "गाडीवर बंद ठिवतोय त्यो." हे खरंच होतं, इंजिनावर चढला की तो फोन बंद ठेवायचा. तिच्या मनात मात्र दुसरीच गाडी होती, चौफुल्यावरून न्हावऱ्याकडं येणारी.

ऊन उतरायला लागलं. श्वास जड झाला. छातीतून घरघर यायला लागली, आणि प्रत्येक श्वासाला तो माणूस दगड उचलल्यासारखा कष्टत होता. पण बाजेच्या काठावरची बोटं सुटली नव्हती. त्यांच्या पेरांचा रंग उडाला होता. धुरपदानं पदर तोंडाला लावला. "जीव पोरात अडकलाय," ती हळूच म्हणाली.

रतनबाईला ते दिसत नव्हतं असं नाही. पहाटेपासून वाट बघणारी गुरंसुद्धा कधीतरी बसतात. आणि हा माणूस, ज्यानं कधी कुणाकडं काही मागितलं नाही, तो एवढ्यासाठी असा झिजत होता. तिला पहिल्यांदा मच्छिंद्रचा राग आला. दौंड का अमेरिकेत हाय? रांगत निघाला असता तरी पोचला असता!

दिवेलागणीला ती उठली. देवापाशी दिवा लावला. मग बाजेवर बसली आणि त्या चार बोटांवर आपला हात ठेवला. शब्द आपोआप तोंडात आले. दर आठवड्याला पलीकडून पोरगा म्हणायचा तेच.

"सोडा आता," ती त्यांच्या कानात म्हणाली. "लई धरलं. सोडा."

बोटं एकेक करून सैल झाली. घरघर थांबली. बाहेर संपतच्या वस्तीवरचं कुत्रं भुंकलं आणि गप्प झालं.

मच्छिंद्र आला दुसऱ्या दिवशी, मनमाडहून परत फिरल्यावर, निरोप मिळाल्यावर. बायको-पोरीला घेऊन, धापा टाकत. माती त्याच्यासाठी थांबली होती. तो बापाच्या पायांवर पडून लहान मुलासारखा रडला. रतनबाई बघत राहिली. तो येण्याआधीच तिनं संपतला आणि धुरपदाला बजावून ठेवलं होतं, "त्याला कुणी कायबी बोलायचं न्हाई. वाट बघितली, धरून ठिवलं, कायबी न्हाई. मला इचारायचंय ते मी इचारीन." भावकीसमोर पोराची शोभा झालेली तिला नको होती. पण तिनं मनाशी गाठ मारली होती. दहावा होऊ दे, पाहुणे जाऊ देत, मग त्याला समोर बसवून एकच विचारायचं: येतो म्हणालास, आन् का आला न्हाईस?

ते दहा दिवस ती त्याच्याशी धड बोलली नाही. त्यानं ताट पुढं केलं तर जेवली, पाणी दिलं तर प्याली. मच्छिंद्रला वाटलं, आईला धक्का बसलाय. दहाव्याच्या संध्याकाळी अपेक्षाला दगदगीनं ताप आला, म्हणून सुषमा तिला घेऊन भावाबरोबर दौंडला गेली. मच्छिंद्र मागं राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओटा सारवून झाला आणि रतनबाई हात धुऊन बाहेर आली. आता विचारायचंच. मच्छिंद्र ओट्याच्या कोपऱ्यात बसला होता. पेटीवर लॅपटॉप पालथा होता, शेजारी वाटीत बारीक बारीक स्क्रू. त्याच्या तळहातावर लोखंडाचे दोन बारके तुकडे होते.

"मच्छू," ती म्हणाली, "एक इचारायचंय."

"बस की." त्यानं मान वर केली नाही. "ही बघ बिजागरी. पुण्यावरनं आणली. लई दिस बॅगेत पडली हुती गं."

"कवा आणलीस?"

"आबाच्या आधी. त्या सकाळी तू फोन केलास न्हाई का, लापटापनं मान टाकली म्हणून? तवा बॅगेतच हुती. म्हणून तर तुला म्हणालो, आबाला म्हणावं तवर धरून ठेवा, बिजागरी घिऊनच येतो. म्हटलं, मनमाडची ट्रिप झाली की रेस्टला सरळ वस्तीवरच जायचं." त्यानं तुकडे वाटीत ठेवले. "त्याच सांजंला आबा गेलं. सकाळी लापटापचं आन् सांजंला आबाचं. एक दिवस आधी आलो असतो आई, तर आबाच्या डोळ्यांसमोर बसीवली असती. एकदा तरी त्यानला हिकडं, म्होरं बसवून पोरगी दावली असती."

रतनबाई उभी होती तिथंच खाली बसली.

त्याला माहीतच नव्हतं. सकाळी तिनं 'त्यांनी' म्हटलं, आणि त्यानं दुसरे 'ते' ऐकले. आयुष्यभर नाव घेतलं नाही. तीन अक्षरांचं नाव. त्या सकाळी एकदा तोंडातून निघालं असतं, तर पोरगा इंजिनाच्या पायरीवरून उडी मारून आला असता. काही कुणाचं पाप लागलं नसतं. आणि तो म्हणाला 'धरून ठेवा', तर तिनं ते नेऊन मरणाऱ्या माणसाला सांगितलं. आणि त्यानं धरलं. बिजागरी यायची होती म्हणून तो माणूस सांज होईपर्यंत धरून राहिला.

"काय इचारायचं हुतं?" मच्छिंद्रनं विचारलं.

दहा दिवस जिभेवर आणून ठेवलेलं तिनं गिळलं.

"कायबी न्हाई."

मच्छिंद्रनं हातातला बारका स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. तोही दहा दिवस काहीतरी धरून बसला होता. "आई, आबाला तरास झाला का गं? खरं सांग. माझी वाट बघितली का त्यांनी?"

रतनबाईनं त्याच्याकडं बघितलं. बापासारखीच रुंद बोटं, त्यांत धरलेला कणभर स्क्रू. एवढं आयुष्य याला काढायचंय, आणि रोज त्या पायरीवरच चढायचंय.

"न्हाई रं," ती म्हणाली. "सांजंला पाण्याचा तांब्या मागितला. त्यो हातात हुता तवर गेलं. वाट बघायला येळच कुठं हुता?"

"खरं?"

"तुझ्या गळ्याची आण."

पोराच्या गळ्याची खोटी शपथ घ्यायची वेळ कुठल्या आईवर येऊ नये. मच्छिंद्रनं डोळे पुसले. "बरं झालं," तो म्हणाला. "बरं झालं, आई. मला तीच धास्ती हुती." आणि तो हलका होऊन पुन्हा स्क्रू आवळायला लागला.

खरोखर अर्ध्या तासाचंच काम होतं. त्यानं पडदा उघडला. पडदा ताठ उभा राहिला, जिथं सोडला तिथं. पुढं ओढला तर पुढं, मागं लोटला तर मागं. बिजागरीबरोबर आणलेली नवी वायरही घातली होती, चित्र जरासुद्धा हललं नाही. "बघ," तो म्हणाला, आणि आईला बरं वाटावं म्हणून त्यानं दौंडला कॉल लावला.

सुषमा दिसली, तिच्या मांडीवर अपेक्षा. ताप उतरला होता. तिनं पडद्याजवळ तोंड आणलं, बापाला बघितलं, मग त्याच्या डोक्यावर बघितलं.

"बोटआबा कुठं?"

सुषमानं तिला गप्प करायचा प्रयत्न केला. माणूस गेला म्हणजे काय, हे त्या पोरीला अजून कुणी सांगितलं नव्हतं. घरी गर्दी होती तेव्हा तिला धुरपदाकडं ठेवलं होतं.

"पप्पा, बोटआबा कुठं? आबा, हाल की!"

मच्छिंद्रनं कॉल बंद करायला हात पुढं केला.

"थांब," रतनबाई म्हणाली.

ती ओट्यावरून खाली अंगणात उतरली आणि लॅपटॉपच्या पाठीमागं जाऊन उभी राहिली. मानेवर ऊन आलं. तिनं पडद्याच्या वरच्या काठाला चार बोटं घातली आणि हलवली. कामानं तिचीही बोटं जाड झालेली होती. मनगटातल्या बांगड्या त्या दिवशी फुटल्या होत्या, त्यामुळं पोरीला वेगळं काही ऐकू आलं नाही.

"बोटआबा!" पलीकडून अपेक्षा खिदळली. "आले बोटआबा!"

रतनबाईसमोर काळी पाठ होती. आणि त्या पाठीच्या वर, ती एरवी बसायची त्या जागी, मच्छिंद्रचा चेहरा. पडद्याचा उजेड त्याच्या गालांवर पडला होता. तो रडत होता, आणि पोरीकडं बघून हसतही होता. तेव्हा तिला कळलं की तात्याबा इतके महिने इथं उभे राहून काय बघत होते. त्यांना नात दिसत नव्हती. नातीला बघणारी ती दिसत होती. आणि ती मात्र एकदाही पडद्याच्या वर मान करून त्यांच्याकडं बघायची नाही. ती आपली चित्रातच गुंतलेली, "जरा तिकडं, जरा हिकडं" करत.

पोरगी किती तरी वेळ बोलत होती. ताप आला, मामानं गोळी दिली, मांजरानं दूध सांडलं. मग ती दमली, आणि तिनं बापाच्याच तोऱ्यात सांगितलं, "सोडा आता, आबा!"

पलीकडचा आवाज बंद झाला. मच्छिंद्रनं शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं. त्याला वाटलं, आई वर येईल. ती आली नाही. तिची बोटं पडद्याच्या काठावर तशीच होती, घट्ट, आणि पेरं पांढरी पडली होती.

"आई," तो म्हणाला, "सोड आता. आता पडत न्हाई त्यो."

"ठावं हाय मला," ती म्हणाली, आणि धरून उभी राहिली.